पेटते नं, मंग कायले बदलाची?

बुलढाणा, चिखली, मलकापूर, कुठेही जा; दिवाणखान्यात माशांची पेटी मांडलेला एक गृहस्थ भेटतोच. आठ सोनेरी मासे आणि एक काळा, हा हिशेब त्याने वास्तूच्या नावाने पक्का केलेला असतो. पेटीची दिशाही होकायंत्र लावून ठरलेली. खामगावच्या बाजारात चांदी घेताना हा माणूस कस पाहिल्याशिवाय पैसे सोडत नाही. पेटीवरच्या ट्यूबची परीक्षा मात्र एकाच पेपरची: बटण दाबल्यावर पेटली की पास. बदला म्हणावे तर उत्तर तयार, "पेटते नं भाऊ, मंग कायले बदलाची?"

प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. ट्यूबमधली पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते आणि काचेला आतून लावलेली पावडर त्यांचा उजेड करते. ही पावडर दमत जाते. उजेड घटतो, त्याचा रंगही सरकतो. पण घट इतकी संथ की डोळा सरावत जातो आणि तक्रार करत नाही. पाण्यातल्या रोपांना तशी सोय नाही. ती खुरटतात, देठ नुसते उंच काढतात, आणि गृहस्थ खताची बाटली घेऊन येतो. म्हणून जिवंत रोपे असतील तर पेटत्या ट्यूबलाही वर्ष-दीड वर्षाने निरोप द्यावा, असा जाणत्यांचा दंडक आहे. एलईडी घेतली म्हणजे सुटलो, असेही नाही. ती कितीतरी जास्त टिकते, पण तीही मंदावतेच. तिचे आयुष्य बहुधा उजेड 70 टक्क्यांवर येईपर्यंतच मोजतात.

रोपे प्लास्टिकची असतील तर? आमच्या गृहस्थाकडे बहुधा तीच असतात, आणि मग तो जिंकला हे मुकाट्याने कबूल करावे. माशांना खोलीतला दिवसाचा उजेड पुरतो. ट्यूब लागते ती पाहुण्यांना. पाणी हिरवे झाले की मात्र तो लोणारचा दाखला देतो. लोणारचे पाणी शेवाळाने हिरवे दिसते, खरे. पण तिथला सूर्य संध्याकाळी मावळतो. याची ट्यूब सकाळच्या चहापासून रात्रीची शेवटची मालिका संपेपर्यंत जळते. इथे दोष ट्यूबच्या वयापेक्षा तिच्या ड्यूटीचा. दिवसाला आठ तास पुष्कळ झाले.

तेव्हा रोपे लावणाऱ्यांनी नवी ट्यूब बसवताना तिच्या टोकाशी मार्करने तारीख लिहावी, आणि पहिले काही दिवस ती थोडे कमी तास लावावी. एकदम वाढलेल्या उजेडावर रोपांआधी शेवाळच ताव मारते.