दहावीचे बाबा

आमच्या मजल्यावर यंदा दहावी आहे. परीक्षा समोरच्या घरातला मुलगा देणार, पण दहावी बसलीय ती त्याच्या बाबांना. जूनमध्ये टीव्हीचं रिचार्ज संपलं, ते त्यांनी संपूच दिलं. कुकरच्या शिट्ट्या सकाळी सातच्या आत. मी वाटीभर साखर मागायला गेलो, तर दारातच ओठांवर बोट! "आत भूमिती चाललीय," ते कुजबुजले. आत कुणाचं ऑपरेशन चालल्यासारखे. साखर राहिली.

भिंतीवर चार रंगांच्या स्केचपेनांनी काढलेलं वेळापत्रक. त्यात 'विश्रांती : ५.१० ते ५.१५' अशीही नोंद. ते काढायला बाबांना दोन रविवार लागले. तेवढ्यात चिरंजिवांनी तीन धडे उरकले, कारण समोर कुणी बसलेलं नव्हतं. एरवी बाबा खुर्ची टाकून समोरच असतात. दर दहा मिनिटांनी "काही हवंय का?" मग बदाम, मग लिंबू सरबत, मग "पंखा वाढवू?" एकदा तर "बाळा, डिस्टर्ब होत नाही ना?" हे विचारायला तीनदा आत गेले. मुलाचा मोबाईल तांदळाच्या डब्यात. तो बाहेर येतो रविवारी, अंगाला पीठ लावून.

लिफ्टमध्ये भेटले की लेखी ८० आणि अंतर्गत २०, सहा विषयांचे ६००, त्यातले उत्तम पाच धरून ५००. हा हिशेब ते तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत बरोबर बसवतात. स्वतःला दहावीत किती होते, हे विचारलं की मजला येतो.

परवा मात्र बीजगणितात 'अर्थनियोजन' आलं. धड्यात जीएसटी! बाबांचं हार्डवेअरचं दुकान. "हे माझं रोजचं," म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या. विक्रीवर गोळा केलेला कर ५,४००, खरेदीवर भरलेला ३,६००. सरकारला देय किती? बाबांनी दोन्हींची बेरीज करून ९,००० काढले. इतका प्रामाणिक व्यापारी सरकारने पाहिला नसेल. उत्तरसूची १,८०० म्हणत होती. "छपाईची चूक," बाबा म्हणाले, आणि गुपचूप सीएला फोन लावला. तो म्हणाला, "काका, ते सगळं सॉफ्टवेअर करतं."

रात्री पुन्हा साखर मागायला गेलो. यावेळी दार उघडंच. चिरंजीव वहीवर रेघ मारत सांगत होते, "बाबा, खरेदीवर भरलेला कर वजा करायचा. ते इनपुट टॅक्स क्रेडिट. उरले १,८००. त्यातले ९०० केंद्राचे, ९०० राज्याचे. आता पुढचं तुम्ही करा." बाबा पेन चावत होते. आईने बदामाचं दूध आणलं आणि सवयीने नाही, नीट बघून बाबांसमोर ठेवलं.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. चिरंजिवांनी न बोलता हात पुढे केला. बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं.