मूल्यवर्धक गृहदुरुस्तीची शेंदूरजनाघाटी मीमांसा

ज्या दुरुस्तीवर झालेल्या खर्चापेक्षा घराच्या किमतीत पडलेली भर अधिक असते ती मूल्यवर्धक दुरुस्ती, अशी या विषयाची रूढ व्याख्या आहे. अमेरिकेत या व्याख्येचा पाठपुरावा इतक्या निष्ठेने होतो की, कोणत्या दुरुस्तीचा किती टक्के खर्च घर विकताना वसूल होतो याचा अहवालच तेथे दरवर्षी प्रसिद्ध केला जातो. २०२४ सालच्या अहवालात पहिला क्रमांक गॅरेजच्या दाराने पटकावला होता. ते बदलण्यावर खर्च केलेल्या शंभर डॉलरमागे विक्रीच्या वेळी सुमारे १९४ डॉलर परत येतात, आणि भपकेबाज स्वयंपाकघर नव्याने करणाऱ्याचा मात्र निम्मा खर्चसुद्धा सुटत नाही, असे त्यात नमूद आहे.

अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून वसलेल्या शेंदूरजनाघाट या नगर परिषदेच्या गावी हे शास्त्र लागू करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिलीच अडचण अशी उभी राहते की, येथे राहते घर सहसा विकायला निघतच नाही. संत्र्याचा बगीचा फळांसकट व्यापाऱ्याला ठोक दिला जातो, रोपवाटिकांतली कलमे ट्रक भरभरून परप्रांतांत जातात, प्रसंगी शेताचा तुकडाही विकला जातो. घर तेवढे वडिलांकडून मुलांकडे आणि मुलांकडून वाटणीच्या भांडणाकडे जाते. मग जी वस्तू बाजारात येणारच नाही तिचे मूल्य वाढले, हे कोणी, केव्हा आणि कशावरून ठरवायचे, हा प्रश्न अमेरिकी अहवालाने अनुत्तरित ठेवला आहे.

त्याचे उत्तर सोयरिकीत सापडते. ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने रचली त्याने ही दोन संकटे स्वतंत्र मानली असावीत. वऱ्हाडात ती बहुधा एकाच वर्षी येतात, कारण पहिले दुसऱ्यासाठीच ओढवून घेतलेले असते. पूर्वी मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात परीक्षा मुलीची होत असे. आता शेतकरी मुलाला मुलगी मिळणे ही गावोगावची चिंता झाल्यापासून परीक्षार्थी बदलला असून, मुलीकडची मंडळी मुलाच्या घरी ‘घरदार पाहायला’ येतात आणि नोकरी नसलेल्या मुलाची बाजू त्याच्या वतीने घरालाच मांडावी लागते. वर्षानुवर्षे ‘पुढच्या साली पाहू’ म्हणून लांबलेली कामे मुलाने पंचविशी ओलांडताच एकाएकी निकडीची का होतात, याचा उलगडा येथे होतो.

पाहुण्यांचा मार्ग ठरलेला असतो, आणि दुरुस्तीचा खर्च त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना हात-दोन हात अंतरापर्यंतच झालेला असतो. फाटक, अंगण, सपरी (म्हणजे घराच्या पुढे छपराखाली असलेली, तीन बाजूंनी मोकळी बसण्याची जागा, जिच्यात बंगई, म्हणजे झोपाळा, टांगलेली असते), मग बैठकीची खोली, आणि शेवटी हात धुण्याच्या निमित्ताने बाथरूम. प्रत्येक मंडळीत एक वडीलधारे मामाजी असे असतात की, ज्यांनी अद्याप कशालाही हात लावलेला नसताना ते “हात धुवाची सोय कुठं हाय?” असे विचारतात. त्यांना हात धुवायचे नसतात. नळाचे पाणी वरच्या टाकीतून येते की नुकत्याच भरून ठेवलेल्या बादलीतून, दाराची कडी आतून लागते की धरून बसावे लागते, आणि संडास घरातच आहे की अंगणाच्या टोकाला, याची पाहणी त्यांच्याकडे सोपवलेली असते. बाथरूमच्या भिंतींना टाइल्स बहुधा खांद्याच्या उंचीपर्यंतच लावलेल्या आढळतात आणि वर निळसर डिस्टेंपर असतो. हात धुणारा माणूस वाकतो व वाकलेल्या माणसाला वरचे दिसत नाही, हे साधे शरीरशास्त्र त्यामागे आहे. या बचतीला एकच धोका संभवतो, तो बायकांचा. त्या बैठकीत न थांबता थेट सैपाकघरात शिरतात, गॅसच्या ओट्यावरून एक बोट फिरवतात आणि भांड्यांच्या फळीपेक्षा फळीच्या मागची भिंत अधिक बारकाईने पाहतात. मामाजींच्या अहवालाने सोयरीक जमते असे म्हणतात. मोडते ती मात्र बहुतकरून बायकांच्या अहवालाने.

अमेरिकेतल्या गॅरेजच्या दाराचे स्थान येथे फाटकाला आहे. ट्रॅक्टर अंगणातच उभा राहत असल्याने त्याला वेगळ्या दाराची गरज नसते, परंतु ज्या फाटकातून तो आत येतो ते लोखंडी, दुपाखी आणि सोनेरी टोकांचे असले, तर त्याच्या मागचे घर कवेलूचे असले तरी खपून जाते. तीच गोष्ट ‘इलेव्हेशन’ या नावाने गावोगाव ओळखल्या जाणाऱ्या दर्शनी भिंतीची. घराची पुढची बाजू टाइल्स, पट्ट्या आणि दोन रंगांनी नटलेली असताना बाजूच्या भिंतींच्या विटा प्लास्टरशिवाय उघड्याच असतात. शेजारी कधीतरी आपली भिंत आणून टेकवीलच, मग तिथे सिमेंट कायले वाया घालवायचे, असा यामागचा हिशेब असतो. शेजाऱ्याचाही नेमका हाच हिशेब असल्याने दोन घरांमधल्या हातभर बोळीत दोन्हीकडच्या विटा एकमेकींकडे उघड्या अंगाने पाहत वर्षानुवर्षे उभ्या राहतात.

या कामांचे वेळापत्रक पंचांगावर नव्हे, बहरावर चालते. संत्र्याच्या झाडाला पाणी तोडून ताण दिला म्हणजे ते पुढे एकदम फुलते, त्या फुलोऱ्याला बहर म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा तो आंबिया, ज्याची फळे दिवाळीच्या आगेमागे निघतात. आणि पावसाच्या तोंडावर फुलणारा तो मृग, ज्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात. साधारण नियम असा की, आंबिया साधला तर रंग आणि फाटक होते, मृगही साधला तर बाथरूम होते, आणि दोन्ही साधून भावही मिळाला तर स्लॅबचा विषय निघतो. परंतु व्यापाऱ्याने दिलेला इसार हातात पडताच मिस्त्रीला बोलावण्याची घाई झालेली असते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ सुरू झाली की, झाडाखाली पडलेल्या संत्र्यांचा सडा पाहून घरातली फरशी अर्ध्यावर थांबते. गावातल्या एखाद्या घराची बैठक चकचकीत आणि तिला लागूनची खोली सारवलेली असल्यास, त्या उंबरठ्यावरून कोणत्या साली फळगळ झाली होती, हे जाणकार माणूस अचूक सांगू शकतो.

दुरुस्ती स्वस्तात सुरू होऊन स्वस्तात संपत नाही, याचे एक कारण तत्त्वज्ञानाच्या इतिहासात नोंदलेले आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दनी दिदरो याला नवा उंची झगा मिळाला, तेव्हा त्याच्यापुढे जुने टेबल, जुनी खुर्ची आणि जुनी चित्रे ओशाळवाणी वाटू लागली, व एकेक करून ती सगळीच बदलावी लागली. एका नव्या वस्तूमुळे बाकीच्या जुन्या ठरण्याच्या या साखळीला कॅनडाचे मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८८ साली ‘दिदरो परिणाम’ असे नाव दिले. दिदरोने आपल्या झग्यावर लेख लिहिला, कारण त्याला मिस्त्री ठाऊक नव्हता. वऱ्हाडात हा परिणाम आपोआप घडण्याची वाट पाहिली जात नाही. तो मिस्त्री हाताने घडवून आणतो. गळका नळ बदलण्यासाठी बोलावलेला मिस्त्री भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतो, कान देतो, मान हलवतो आणि म्हणतो, “भाऊ, आता भीत फोडलीच हाय तं पाईपबी बदलूनच घ्या.” पाइप बदलायचा म्हणजे टाइल्स निघतात, त्या नमुन्याच्या टाइल्स आता येत नाहीत, म्हणून सगळ्याच नव्या लावाव्या लागतात, आणि नव्या टाइल्समुळे जमीन बोटभर वर आल्याने दार खालून तासावे लागते. दोन दिवसांचे म्हणून सांगितलेले काम मिस्त्री आणि रेजा (अर्थात मालमसाला वाहणारी मजूर स्त्री) मिळून पंधरवडाभर करतात. यात मिस्त्रीला लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. भिंतीच्या आत खरोखरच पाइप सडलेला असतो, ही या प्रकरणातली सर्वांत चीड आणणारी बाब होय.

येथवर जे पाहिले ते दिसणाऱ्या दुरुस्तीविषयी झाले. खरी टिकाऊ भर न दिसणाऱ्या दुरुस्तीने पडते, आणि तिच्याविषयी गावात कमालीची अनास्था आहे. वऱ्हाडातली काळी जमीन पावसात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पायाने उभे असलेले घर तिच्याबरोबर दरवर्षी किंचित वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. दिवाळीच्या रंगकामात ही भेग पुट्टी भरून बुजवली जाते, मे महिन्यात ती त्याच जागी परत येते, आणि पुढच्या दिवाळीला रंगारी तिला जुन्या ओळखीच्या माणसासारखा नमस्कार तेवढा करायचा बाकी ठेवतो. वास्तविक दोष भिंतीत नसून पायाशी मुरणाऱ्या पाण्यात असतो. छपराची पन्हाळ लांब सोडणे आणि घराच्या चारी अंगांना बाहेरच्या बाजूने उतरती, दोन-तीन फूट रुंद फरसबंदी करणे, एवढ्याने पायाजवळची माती कमी फुगते व कमी आकसते. हा खर्च फाटकाच्या खर्चाच्या पासंगाला पुरणार नाही, परंतु फरसबंदी पाहून आजवर कोणी मुलगी दिल्याचे ऐकिवात नाही.

हे अज्ञान म्हणावे तर तेही खरे नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करण्यात ज्या गावाची हयात गेली, तो डोळा जमिनीलगत न बांधता वीतभर वर बांधायचा असतो, नाहीतर ओलीने खोडाला डिंक्या लागतो, हे ज्या गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते, त्याच गावात नवी टाइल मात्र ओल चढलेल्या भिंतीवर थेट जमिनीपासून चिकटवली जाते आणि दोन पावसाळ्यांत ती पोकळ वाजू लागते. कलम विकायचे असते व घर विकायचे नसते, एवढाच फरक यामागे असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

छताचेही तसेच. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा उघडी स्लॅब दिवसभर तापून रात्रभर ती उष्णता खाली सोडते. पूर्वीच्या धाब्याच्या घरात, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर देऊन केलेल्या सपाट छताच्या घरात, ही पीडा नव्हती. ते पाडून स्लॅब टाकली, तेव्हा घराची पत वाढली आणि दुपारची झोप गेली. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छतावर चुन्याचे दोन-तीन हात देणे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो आणि घरातले तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. अहमदाबादेत उष्णतेच्या लाटांविरुद्धच्या उपाययोजनेत गरीब वस्त्यांची छते याच पद्धतीने रंगवली गेली, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच आखले. शेंदूरजनाघाटात चुना नाही असे नाही. तो संत्र्याच्या झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलमाच्या रूपाने नेमाने लागतो. घराच्या वाट्याला येतो तो कूलर. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर उभा असलेला हा पत्र्याचा ठोकळा ताट्यांमधून पाणी गाळत, खिडकीखालच्या भिंतीला ओल पुरवत आणि पायाजवळची काळी माती भर उन्हाळ्यात फुगवत अखंड घरघरतो. वर ज्या भेगेचा विचार झाला तिला एक सहकारी असा घरचाच मिळालेला असतो.

घराच्या मूल्याची दखल घेणारी दुसरी संस्था नगर परिषद. महाराष्ट्रातील नगर परिषदांच्या १९६५ च्या अधिनियमानुसार करयोग्य मूल्य ठरवण्याची पारंपरिक रीत अशी की, घर भाड्याने दिले असते तर वर्षाला वाजवी भाडे किती आले असते याचा अंदाज बांधायचा आणि त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. न विकल्या जाणाऱ्या घराचे मूल्य न दिल्या गेलेल्या भाड्यावरून काढून त्यातून न केलेल्या दुरुस्तीचा खर्च वजा करणारे हे गणित भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेला शोभेल असेच आहे. त्याचा सामाजिक परिणाम असा की, प्रत्येक घराला दोन भाषा येतात. पाहुण्यांपुढे ‘सारं नवं केलं’ असे सांगणारे घर करआकारणीच्या पाहणीच्या दिवशी ‘थोडी डागडुजी केली, साहेब’ एवढेच बोलते.

या दोन भाषांच्या मध्ये उभ्या असतात त्या सळाखी. तळमजल्याच्या स्लॅबमधून कॉलमच्या सळाखी हात-दोन हात वर मोकळ्या सोडायच्या, गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घालायच्या आणि एका कोपऱ्यातल्या सळाखीला दृष्टीची काळी हंडी टांगायची, ही पद्धत साऱ्या वऱ्हाडात रूढ आहे. वरचा मजला बांधण्याची ऐपत आज नसली तरी इरादा आहे, एवढे या सळाखी रस्त्यावरून जाणाऱ्याला कळवतात, आणि त्यांना लागलेले लोखंड पाहता इतक्या कमी खर्चात इतके मूल्य वाढवणारी दुसरी दुरुस्ती अमेरिकेच्या यादीतही नसावी.

अलीकडे त्यांच्यावर संकट आले ते सूर्याकडून. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. वीजबिल घटते, कूलर निर्धास्त चालतो आणि पाहुण्यांना फाटकापासूनच चकाकते पॅनल दिसते, म्हणजे दिसणारी आणि न दिसणारी अशा दोन्ही दुरुस्त्यांचे गुण एकाच वस्तूत आले. पण छतावर पॅनल पसरले तर वरचा मजला कुठे बांधायचा, आणि सळाखी कापायच्या म्हटल्या तर म्हाताऱ्या माणसाला ते आपल्या हयातीतच इरादा मोडल्यासारखे वाटते. यावर मिस्त्रीने काढलेला तोडगा असा की, पॅनल छताला न टेकवता आठ-नऊ फूट उंच लोखंडी सांगाड्यावर चढवायचे, म्हणजे सळाखी शाबूत राहतात आणि खाली आपसूक सावली पडते. त्या सावलीत पहिल्या वर्षी खाट येते, दुसऱ्या वर्षी हिरवे जाळीचे कापड येते, आणि आंबिया बरा झाला तर तिसऱ्या वर्षी तीन बाजूंनी विटा येतात. तरीही करआकारणीची पुढची फेरी होईपर्यंत घरातले कोणीही त्या जागेला खोली म्हणत नाही, धाकट्या सुनेचा कूलर तिथे लागला तरीसुद्धा सगळे तिला ‘पॅनलखालची सावली’ असेच म्हणतात.