सुट्टीत हवा कोंडण्याची शास्त्रोक्त पद्धत

दिवाळीपासून नव्या वर्षापर्यंत लोहगडवाडीत मुक्कामाला येणाऱ्यांपुढे एक अडचण असते: इथली हवा चांगली आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत. मळवलीला लोकलमधून उतरून, भाजे मागे टाकून गायमुख खिंडीचा चढ संपवला की एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला विसापूर आणि मधून वारा. आयती मिळालेली वस्तू आहे तशी वापरणे सुट्टीच्या इभ्रतीला शोभत नाही. म्हणून खोलीत शिरताच सरकत्या खिडक्या ओढून घ्याव्यात आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबावा. खाली भाज्याला इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात चैत्यगृह कोरणाऱ्यांनी दर्शनी बाजूला भलीथोरली कमान ठेवली. त्यांना अ‍ॅल्युमिनियमची खिडकी ठाऊक नव्हती, तेव्हा त्यांना माफ करावे.

कोंडलेल्या हवेत आता भर घालायची. उदबत्ती, धूप, त्यावर सुगंधी फवारा आणि डासांसाठी कॉइल. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले; घरात कुणाला सिगारेट ओढू न देणाऱ्या कुटुंबांची ही मोठीच सोय. मुलांसाठी नागगोळी घ्यावी, कारण तिचा आवाज होत नाही आणि म्हणून ती निरुपद्रवी ठरते. पुण्यात २०१६ साली फटाक्यांचा धूर मोजला गेला, तेव्हा नागगोळीजवळ हवेच्या घनमीटरमागे ६४,५०० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण निघाले. आपल्याकडची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. नागगोळी काही सेकंदांत विझते हे खरे. पण अंगणातला धूर वारा नेतो, बंद खोलीतला धूर मात्र आपल्यासोबत मुक्कामाला राहतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: आजी जन्मभर चुलीपुढे बसली, तिला कुठे काय झाले? एक तर तिच्या खोकल्याची नोंद कुणी ठेवली नाही. दुसरे, तिच्या घराला कौले होती आणि कौलांच्या फटींतून थोडा तरी धूर बाहेर जाई. आपण कौले काढून स्लॅब टाकला, पाहुण्यांच्या हौसेखातर चुलीवरची भाकरी तेवढी ठेवली. धूर जुना राहिला, त्याची वाट मात्र बुजली. दुसरा आक्षेप थंडीचा. त्यावर कोळशाची शेगडी खोलीत घेणे हा या पद्धतीतला अखेरचा उपाय, आणि इथे थट्टा संपते: तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच दगावतो. शेकोटी अंगणात, अंथरुणात जाड गोधडी, एवढ्यावर मावळातली थंडी भागते.

ज्यांना ही पद्धत झेपणार नाही त्यांनी मच्छरदाणी बांधावी, तळण काढताना खिडकी उघडी ठेवावी आणि समोरासमोरची दारे सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ सताड उघडावीत. सुगंधी फवारा वास झाकतो. कण बाहेर काढायला वाराच लागतो. यात तोटा एकच: यजमानाला बिलात ‘शुद्ध हवा’ असे वेगळे कलम लावता येत नाही.