आठ टक्क्यांचे भाष्यकार

महाराष्ट्रातील शहरी समाजाविषयी लिहिणाऱ्यांनी वकील, डॉक्टर, शिक्षक आणि पुढारी यांची भरपूर दखल घेतली आहे. परंतु प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी आणि एसी दुरुस्त करणारे मिस्त्री यांचे हिशेब ज्याच्या टेबलाखाली पिशव्यांत पडून असतात, त्या करसल्लागाराकडे अभ्यासकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. डोंबिवली, चिंचवड, सातपूर अशा, कारखाने आणि गृहनिर्माण संस्था एकमेकांना खेटून वाढलेल्या भागांत हा वर्ग विशेष आढळतो. तो सनदी लेखापाल नसतो. ही गोष्ट तो आपणहून सांगत नाही आणि कोणी विचारल्यास नाकारतही नाही. वाणिज्य शाखेची पदवी, ‘जीडीसी अँड ए’ या नावाने परिचित असलेली सहकार व लेखा विषयातील शासकीय पदविका, एखाद्या सीएच्या कार्यालयात उमेदवारीत घालवलेली दहा-बारा वर्षे आणि झेरॉक्सच्या दुकानात पडद्यामागे भाड्याने घेतलेली टेबलाएवढी जागा, एवढ्या भांडवलावर त्याचा संसार चाललेला असतो. कारागीर त्याला ‘टॅक्सवाले काका’ म्हणतात आणि या विवेचनातही तीच संज्ञा स्वीकारणे सोयीचे ठरेल.

काकांची घडण विक्रीकराच्या जमान्यातली असते. १ एप्रिल २००५ रोजी राज्यात व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, लागू झाला तेव्हा त्यांनी सर्व विद्या एकदा नव्याने पाठ केली आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर ती दुसऱ्यांदा विसरून तिसऱ्यांदा पाठ केली. या पडझडीत त्यांना आधार वाटला तो १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम ४४एडीचा. गृहीत उत्पन्नाची योजना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तरतुदीप्रमाणे, २ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाने रीतसर वह्या ठेवल्या नाहीत तरी चालते. उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के, इतका नफा त्याला झाला असे मानून कर आकारला जातो. प्रत्यक्षात नफा अधिक झाला असल्यास तो अधिक दाखवावा, अशा अर्थाची पुस्तीही तिथे आहे. काकांच्या प्रतीत ती पुस्ती फारच बारीक टायपात छापलेली असावी. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर अधिनियमाने हीच तरतूद कलम ५८ मध्ये हलवली, तेव्हा काकांना झालेले दुःख घराण्याचे आडनाव बदलल्यासारखे होते, आणि बोलताना ते आजही ‘आपलं चव्वेचाळीस एडी’ असेच म्हणतात.

कारागिराचे लेखापुस्तक म्हणजे पिशवी. तिच्यात हार्डवेअरच्या दुकानातली ‘एस्टिमेट’ असे शीर्षक असलेली कच्ची बिले, सोसायटीच्या लेटरहेडवरची कामाची ऑर्डर, मुलाच्या शाळेची फी भरल्याची पावती आणि ‘तिसरा मजला, काकू, बाकी सातशे’ अशी नोंद असलेली खिशातली डायरी एकत्र नांदत असतात. ही पिशवी विवरणपत्राच्या अखेरच्या आठवड्यात येते, कारण तारीख वाढणारच अशी कारागिराची दृढ श्रद्धा असते, आणि सरकारनेही तिला वेळोवेळी खतपाणी घातले आहे: २०२५ साली ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबरवर गेली आणि मग आणखी एका दिवसाने वाढून १६ सप्टेंबर झाली. त्या जादा दिवशीही काही पिशव्या आल्या.

पिशवी उघडण्यापूर्वी काका एकच प्रश्न विचारतात: ‘‘मिस्त्री, येत्या दोन-तीन वर्षांत घर घ्यायचंय का?’’ बाहेरच्या माणसाला हा प्रश्न आपुलकीचा वाटेल. वास्तविक तो निव्वळ तांत्रिक असतो. गृहकर्ज देणारी बँक स्वतंत्र व्यावसायिकाकडे साधारणपणे मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. वर्षाकाठी १५ लाखांची कामे करणारा प्लंबर ८ टक्क्यांच्या हिशेबाने १ लाख २० हजार रुपये उत्पन्न दाखवतो, म्हणजे महिन्याला दहा हजारांत तो पत्नी, इंग्रजी माध्यमातली दोन मुले, मोटारसायकल आणि गावाकडचे आईवडील सांभाळतो, असे सरकारदरबारी नोंदले जाते, आणि या काटकसरीबद्दल त्याचा सत्कार करण्याऐवजी बँक त्याला कर्ज नाकारते. मग मिस्त्री पुन्हा पिशवी घेऊन येतात आणि ‘काका, इन्कम जरा वाढवून द्या’ अशी विनंती करतात. जणू उत्पन्न ही काकांच्या कपाटात ठेवलेली वस्तू आहे.

या व्यवहारातील खरी गंमत काकांनाही उशिरा उमगली. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यावर येतो. मालमसाला आणि मदतनिसाची मजुरी वजा जाता त्या प्लंबरच्या हाती समजा सहा-सात लाख रुपये उरत असतील, तर ते सगळे खरेखरे लिहिले असते तरी त्याला एक पैसा भरावा लागला नसता. जो कर लागूच नव्हता तो चुकवण्यासाठी त्याने कर्ज गमावले. हे काका त्याला समजावून सांगतात, तो मान डोलावतो, आणि शेवटी विचारतो, ‘‘ते ठीक आहे, पण कमी दाखवता येईल ना?’’

काकांची धांदल सर्वाधिक उडते ती सुताराच्या व्हिजिटिंग कार्डामुळे. सुताराचा मुलगा डिझाइनचा कोर्स करून येतो आणि वडिलांच्या नावाखाली ‘इंटिरिअर डेकोरेटर’ असे सोनेरी अक्षरांत छापून आणतो. वकिली, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला आणि अंतर्गत सजावट हे आयकर कायद्याने विशेष नामनिर्देश केलेले पेशे आहेत, आणि त्यांना ८ टक्क्यांची सवलत मिळत नाही. त्यांच्या बाबतीत जमा रकमेच्या किमान निम्मी, म्हणजे ५० टक्के, रक्कम नफा मानली जाते. १२ लाखांचे काम करणाऱ्या सुताराचा गृहीत नफा ९६ हजार, तर तेच काम करणाऱ्या डेकोरेटरचा ६ लाख. पेशा कोणता हे कार्डावरून न ठरता प्रत्यक्ष कामावरून ठरते, हे काकांना ठाऊक असते. तरीही ते कार्डांचा गठ्ठा ठेवून घेतात आणि म्हणतात, ‘‘फर्निचर कॉन्ट्रॅक्टर लिही, सुतारकाम लिही, हवं तर विश्वकर्मा लिही, पण डेकोरेटर लिहू नकोस.’’ मुलाला यात आपल्या शिक्षणाचा अपमान दिसतो. मंडप डेकोरेटरांवर मात्र असा प्रसंग येत नाही.

टीडीएस, म्हणजे काम देणाऱ्याने पैसे देतानाच कापून सरकारात भरलेला कर, हा काकांच्या लौकिकाचा पाया होय. सोसायटीने रंगकामाच्या बिलातून १ टक्का कापला की रंगाऱ्याची खात्री होते की तो सेक्रेटरीने खाल्ला. काका पोर्टलवरच्या २६एएस या पत्रकात ती रक्कम शोधून दाखवतात, काही महिन्यांनी परतावा खात्यात जमा होतो, आणि रंगाऱ्याच्या नजरेत काका सरकारकडून पैसे काढून आणणारे एकमेव मानव ठरतात. ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते हेही ते प्रामाणिकपणे सांगतात आणि मग ती करून देण्याचे पाचशे रुपये घेतात.

यूपीआयच्या बाबतीत मात्र काकांचे सल्ले ऐकण्याजोगे असतात. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतील छोट्या दुकानदारांना यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि तिथल्या दुकानांवर ‘फक्त रोख’ असे फलक झळकले, तेव्हा इथल्या वायरमनांनीही आपले क्यूआर कोड उतरवले. काकांनी ते पुन्हा लावायला लावले. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. अडचण अशी की गिऱ्हाईक वायर, स्विच आणि पंख्यांचे पैसेही वायरमनच्याच खात्यात टाकते, त्यामुळे सहा लाखांच्या मजुरीचा माणूस कागदावर बावीस लाखांचा व्यापारी दिसू लागतो. त्यावर काकांचा तोडगा साधा आहे: मालाचे बिल गिऱ्हाइकाच्या नावाने करून घ्यावे, दुकानदाराला पैसे गिऱ्हाइकानेच परस्पर द्यावेत, आपण फक्त मजुरीचे बिल फाडावे, आणि धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे. या उपदेशाचे ते पैसे घेत नाहीत, आणि बहुधा त्यामुळेच तो कोणी पाळत नाही.

काकांच्या स्वतःच्या वसुलीविषयी जितके कमी लिहावे तितके बरे. दरसाल हजार-पंधराशे ठरलेली फी ‘पुढच्या वेळी एकदम देतो’ या आश्वासनावर साचत जाते, आणि तिच्या बदल्यात काकांच्या घरचा गळका नळ, बिघडलेला गीझर व स्वयंपाकघराचा रंग दुरुस्त होत राहतो. या देवाणघेवाणीची नोंद कोणत्याच पिशवीत सापडत नाही. त्यातही, कायद्याने नामनिर्देश केलेल्या पेशांच्या वर दिलेल्या यादीत लेखाकर्माचा समावेश असल्यामुळे, १५ लाखांच्या प्लंबरचे १ लाख २० हजार उत्पन्न भरून देणारे काका स्वतःच्या ४ लाखांच्या जमेवर २ लाख उत्पन्न दाखवतात. तेव्हा ज्या वाचकांचे विवरणपत्र असे काका भरतात, त्यांनी गेल्या वर्षीची थकलेली फी या महिन्यात तरी देऊन टाकावी. यूपीआयने दिली तरी चालेल. रोखीने द्या वा बँकेतून, काकांचा गृहीत नफा ५० टक्केच राहतो.