साक्षरतेच्या योजनाकार साहेबांच्या सेवेशी

माननीय योजनाकार साहेब,



'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम' आखताना आपण आम्हा उमरीकरांची केवढी काळजी वाहिलीत! २०२२ ते २०२७ अशी पाच वर्षं, पाच कोटी निरक्षर आणि १०३७ कोटी ९० लाख रुपये. रिकाम्या वेळात आम्ही भागाकार करून पाहिला. माणशी २०८ रुपये येतात, तेही जेमतेम. आमच्याकडे बाई दिवसभर खुरपणीला गेली तरी तिचा रोज साधारण याच घरात पडतो. जन्मभराच्या निरक्षरतेला आपण एका दिवसाची हजेरी मंजूर केलीत, हे उपकार कसे फेडावेत?

त्याहून मोठे उपकार म्हणजे स्वयंसेवक. आधीच्या 'साक्षर भारत'मध्ये लोकशिक्षण केंद्रातल्या प्रेरकाला महिना २००० रुपये मानधन असायचं. मार्च २०१८ मध्ये ती योजना आटोपली आणि पैशाच्या मोहातून बिचारे प्रेरक सुटले. आता शिकवणाऱ्याला छदाम मिळत नाही. विद्या विकू नये, हे आपण स्वतः महिन्याच्या एक तारखेला पगार उचलून आम्हाला किती प्रेमानं पटवून दिलंत!

आमचं गाव तसं मागायला लाजणारं नव्हे. ३० जानेवारी १९४८ रोजी इथली हैदराबाद स्टेट बँक मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी दिवसाढवळ्या लुटली आणि लाखोंची रक्कम निजामाविरुद्धच्या लढ्याला दिली. पण आपल्यापुढे खडू-वह्यांचं बिल ठेवायचं म्हटलं की आमचा हात कापतो. निजाम निदान समोर तरी होता.

आणि ऑनलाइनची कल्पना! ज्याला वाचता येत नाही त्याचे धडे मोबाइलमध्ये ठेवायचे, ही झेप आम्हाला शंभर वर्षांत सुचली नसती. घरातला फोन पोरग्याच्या खिशात, पोरगं पारावर, आणि बाई भाकरी थापून, भांडी घासून रात्री नऊला मोकळी होते तेव्हा फोनची बॅटरी संपलेली. तेवढ्यात जी डुलकी लागते, तिला आपण स्वयंअध्ययन म्हणत असावेत.

२०२३ मध्ये असाक्षर शोधायला आपण राज्यभरच्या गुरुजींना धाडलंत. त्यांच्या संघटनांनी बहिष्कार घातला, याचं आम्हाला फार वाईट वाटलं. साहेब, आम्ही हरवलो नव्हतो हो. रेशनच्या रांगेत तर उभे होतो.

त्या रांगेचीही एक गंमत ऐका. वर्गात आम्ही बायांना सही शिकवतो. महिनाभर हात धरून गिरवलं की मग कुठे नाव कागदावर उतरतं. ती बाई तोऱ्यात रेशन दुकानात जाते आणि यंत्र म्हणतं, अंगठा ठेवा. कापूस वेचून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, म्हणून यंत्राला तोही पटत नाही. सही आपण शिकवता, अंगठा आपलेच भाऊबंद मागतात. सही घेणारी एक तरी खिडकी कुठे आहे ते कळवावं, आम्ही बायांना घेऊन दर्शनाला येऊ.

साक्षरतेच्या परीक्षेचा मुहूर्त तर पंचांग बघूनच काढला असणार : रविवार, १७ मार्च २०२४. मुकादमाची उचल घेऊन गेलेले मराठवाड्यातले कोयते त्या दिवशी फडात ऊस तोडत होते. दहा ते पाच कधीही या, अशी सवलत आपण दिली होती. कोल्हापूरच्या फडातून पाचच्या आत पोचणं त्यांना जमलं नाही, त्याबद्दल उदार मनानं माफी असावी.

परीक्षेत कमी पडलेल्याला मात्र आपण नापास म्हणत नाही, 'सुधारणा आवश्यक' म्हणता. इतका गोड शेरा आम्हाला आयुष्यात कुणी दिला नव्हता. हाच शेरा आपल्या आराखड्याच्या पहिल्या पानावर नम्रपणे लिहावा असं मनात येतं, पण ते पान आमच्यापर्यंत येत नाही.

कळावे, लोभ आहेच, त्यात निधीची वृद्धी व्हावी.

आपला आज्ञाधारक,
एक बिनपगारी स्वयंसेवक
उमरी, जि. नांदेड

ता. क. : उत्तराची तसदी घेऊ नये. घेतलीच, तर मोठ्या अक्षरात छापून पाठवावं. प्रमाणपत्र हाती पडल्यापासून वर्गातल्या बायांना वाचायला दुसरं काहीच आलेलं नाही.