मालवण, नॉर्वेच्या उत्तरेला

बोलींचा नकाशा सांभाळतो असं सांगितलं की लोकांना वाटतं, हा माणूस गावोगाव हिंडत असणार, पारावर बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून शब्द गोळा करत असणार. ती हिंडणारी माणसं वेगळी. उन्हातान्हात फिरून, नको म्हणवत नाही म्हणून गोडमिट्ट चहा पिऊन ती शब्द आणतात. तो शब्द संकेतस्थळावरच्या नकाशात आपल्याच गावी बसलाय ना आणि गेल्या वर्षी बसवलेला अजून जागचा हललेला नाही ना, एवढंच मी बघतो. थोडक्यात, मी बोलींचा वॉचमन आहे.

नकाशा दिसायला अगदी साधा. वर एक शब्द निवडायचा, खाली महाराष्ट्रभर रंगीत ठिपके उमटतात. ‘मुलगा’ निवडला तर कुठे पोरगा, वऱ्हाडात पोट्टा, मालवणीत झील. ‘पोळी’ निवडली तर खानदेश-वऱ्हाडाकडे ‘ळ’चा ‘य’ होऊन पोयी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठी बोलींचं जे सर्वेक्षण केलं, ते असंच नकाशांसह सगळ्यांसाठी खुलं आहे. ते मोठ्या घरचं काम. आमचं बिऱ्हाड एका विभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत, एका सर्व्हरवर आणि माझ्यावर चालतं.

भेटेल तो विचारतो, ‘काय, नवीन शब्द टाकले की नाही?’ अपडेट म्हणजे नवे शब्द, अशी सर्वांची ठाम समजूत. प्रत्यक्षात शब्द बिचारे आपल्या जागी शांत असतात. बदलतं ते त्यांच्या खालचं सगळं. ज्या भाषेत आमची प्रणाली लिहिली होती त्या पायथनची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे निवर्तली. फुकट मिळणारा पार्श्वभूमीचा नकाशा एके दिवशी क्रेडिट कार्ड मागू लागला, म्हणून आम्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या आश्रयाला गेलो. डहाणूकडच्या वारली बोलणाऱ्या आजींनी जे सांगितलं होतं त्यातलं अक्षर बदललेलं नाही. पण २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा झाला आणि आजी ठाण्यातून पालघरात गेल्या. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, मग अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या नावाने शोधणाऱ्यालाही सापडलं पाहिजे, नव्या नावाने शोधणाऱ्यालाही, आणि दोघांपैकी कोणीही रागावता कामा नये.

खरी मजा अक्षांश-रेखांशांची. हे दोन आकडे कोणत्या क्रमाने लिहायचे यावर नकाशावाल्यांचं आजतागायत एकमत नाही. गावांची माहिती आम्ही ज्या साच्यात ठेवतो त्या जिओजेसनमध्ये रेखांश आधी; तीच माहिती पडद्यावर मांडणारं लीफलेट अक्षांश आधी मागतं. त्यामुळे दर मोठ्या अपडेटला कुठे ना कुठे अदलाबदल होतेच. मालवणचे अक्षांश साधारण १६, रेखांश साधारण ७३. उलटले की मालवण जातं नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात. तिथेही ‘झील’ म्हणतात असं नकाशा छातीठोकपणे सांगतो. पुणं उलटं केलं तर त्याला निदान जवळ एक बेट मिळतं, अस्वलांचं बेट असं त्याचं नाव. ज्या गावाचे आकडेच कोणी भरलेले नसतात, ते शून्य-शून्यावर, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाऊन पडतं. तिथे आमची मराठी वस्ती बऱ्यापैकी आहे. महाराष्ट्र मंडळ काढता येईल.

अशीच एकदा दोन शेजारच्या तालुक्यांमध्ये बोलीची नवी सीमा उगवली. आमची प्रणाली दोन गावांचे शब्द समोरासमोर ठेवते आणि एकाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजते. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडलेलं हे मोजमाप. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाचं गॅबमॅप हे बोलींचे नकाशे काढणारं साधन त्याच पायावर उभं आहे. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांत अंतर एक. तर या दोन तालुक्यांत ‘पायरी’च्या अनेकवचनापाशी अंतर निघालं दोन. एकीकडे ‘पायऱ्या’, दुसरीकडेही ‘पायऱ्या’. मी डोळे चोळले. ध्वनिमुद्रण ऐकलं: दोन्हीकडच्या बायका तंतोतंत तेच म्हणत होत्या.

झालं होतं ते असं. अर्धा ‘र’ संगणकावर दोन तऱ्हांनी काढता येतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्यात साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकायचं. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन निराळे जीव. दोन तालुक्यांची माहिती दोन टंकलेखकांनी दोन कीबोर्डांवर भरली होती. म्हणजे पुण्याच्या ‘पाणी’पासून नागपूरकडचं ‘पानी’ जितकं लांब, त्याच्या दुप्पट लांब एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली बसलेली ही दोन माणसं होती. जाणकार म्हणतात, देवनागरी सोडा, ध्वनिलिपी वापरा. बरोबरच आहे त्यांचं. ध्वनिलिपीतही डोळ्यांना सारखी पण यंत्राला निराळी चिन्हं असतात, ते ती वापरल्यावर कळतं.

रंगांचं काय सांगावं! ठिपक्यांना रंग द्यायचा तर भगवा, निळा, हिरवा हे तिन्ही आधीच बुक झालेले. मागे एक फोन आला.

‘साहेब, आमचं गाव निळ्यात काहून टाकलं?’

‘काका, निळा म्हणजे तुमच्याकडे पोट्टा म्हणतात, एवढंच.’

‘थे बराबर हाये. पन बाजूचं गाव पिवळ्यात कसं?’

‘पिवळ्यात’ त्यांनी ‘ळ’ने म्हटलं. त्यांच्या गावाच्या नोंदीत ‘ळ’चा ‘य’ होतो असं आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही. साहेबाशी फोनवर बोलताना कोण घरच्यासारखं बोलतं?

याच भानगडीमुळे जुन्या लोकांनी आपापल्या युक्त्या काढल्या होत्या. १८७६ मध्ये जर्मनीत गेओर्ग वेंकर याने शाळामास्तरांना वाक्यं पाठवली: तुमच्या गावच्या बोलीत लिहून धाडा. पुढे हा पसारा चाळीस वाक्यांचा आणि चाळीस हजारांहून अधिक गावांचा झाला. फ्रान्समध्ये झिल्येराँ नावाच्या अभ्यासकाने वेगळी वाट धरली. त्याने एदमाँ एदमाँ नावाच्या, कान तिखट असलेल्या किराणा दुकानदाराला सायकलवर बसवून १८९७ ते १९०१ या काळात ६३९ गावं फिरवली. त्याचा दंडक असा की पहिल्यांदा जे ऐकलं तेच कायम, मागाहून दुरुस्ती नाही. आपल्याकडे देशातल्या भाषांची पाहणी करताना ग्रिअर्सनने बोलीबोलीतून उधळ्या मुलाची गोष्ट लिहून घेतली, त्यामुळे १९०५ च्या मराठीच्या खंडात पानापानावर धाकटा मुलगा बापाची इस्टेट उडवत असतो. हैदराबाद संस्थान त्या पाहणीत नव्हतं. तेवढा पैसा वाचला.

झिल्येराँच्या दंडकाचा मला फार हेवा वाटतो. आमच्या नकाशावर ‘दुरुस्ती सुचवा’ असं बटण आहे. ‘आमच्या गावात असं कुणीही बोलत नाही’, असं लिहिणारा गृहस्थ बहुधा डोंबिवलीत राहतो. दुसरा म्हणतो, हा शब्द अशुद्ध आहे, काढून टाका. एका मुलीने मात्र लिहिलं की हा शब्द मी कधी ऐकलेला नाही, आणि मी त्याच गावात राहते. तिची सूचना बरोबर होती आणि नोंदही बरोबर होती, कारण ती दिली होती सत्तरीच्या बाईंनी. खोडायचं कुणाचं? आम्ही कुणाचंच खोडत नाही. एका ठिपक्याखाली दोन सालं, दोन वयं, दोन शब्द ठेवतो. त्याने नकाशा गिचमीड दिसतो, पण गावही तसंच असतं.

वेंकरच्या कचेरीत हाताने रंगवलेले सोळाशेहून अधिक नकाशे मारबुर्गला अजून धड आहेत. त्यांना कुणी अपडेट मागितलं नाही. २००१ पासून ते संगणकावर आणले, आणि आता ते पाहायचे तर एका नव्या प्रणालीत पाहावे लागतात, जिचं संक्षिप्त नाव ‘रेडे’ असं आहे. ज्ञानेश्वरांनी रेड्याकडून वेद वदवले, मारबुर्गकर बोली वदवतात. मला हे सहकाऱ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि त्यांनाही आता ते ऐकल्याशिवाय सुटका नाही.

दरवर्षी अनुदानाचा फॉर्म येतो. त्यात एक रकाना असतो: प्रकल्प पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख. वेंकर १९११ मध्ये गेला, छापील ॲटलास १९२७ मध्ये निघू लागला आणि १९५६ मध्ये अर्धवटच थांबला. मी रकान्यात ३१ मार्च लिहितो. वर्ष त्यांनी विचारलेलं नसतं.