झिरो कमिशन, मार्गे शीळफाटा

दुबईला निघालेल्या माणसाला व्हिसाची काळजी नसते, विमानाची नसते, उन्हाची तर मुळीच नसते. त्याला एकच घोर: दिरहम केवढ्याला पडला? लिफ्टमध्ये कोणी भेटला की हा फोन पुढे करतो. "हे बघा, 24 रुपये 2 पैसे. आणि नाक्यावरचा साडेचोवीस मागतोय. दिवसाढवळ्या दरोडा हो!"

फोनवर दिसतो तो बड्या बँकांचा आपापसातला भाव. कोट्यवधींचे सौदे करताना त्या तो एकमेकींना लावतात. खिडकीपलीकडून हातात नोट ठेवताना तो कोणी कोणाला दिलेला नाही, देणार नाही. पण कल्याण-शीळ रस्त्यावर बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगणार कोण? हा नाक्यावरच्या भाजीवाल्याला वाशीच्या घाऊक बाजाराचा भाव ऐकवून कोथिंबिरीची जुडी मागणाऱ्यांपैकी.

मग संशोधन सुरू होतं. ठाणे झालं, कल्याण झालं, डोंबिवली पूर्व आणि पश्चिम असं स्वतंत्रपणे झालं. शेवटी मेव्हण्याकडून खबर येते की फोर्टात एक जण 24 रुपये 20 पैशांनी देतो. म्हणजे नाक्यापेक्षा 30 पैसे कमी. घ्यायचेत 2,000 दिरहम, वाचणार 600 रुपये. या 600 रुपयांसाठी गृहस्थ अर्ध्या दिवसाची रजा टाकतात, खिशात रोकड म्हणून लोकल टाळतात, गाडी काढतात, शीळफाट्याला येतात आणि थांबतात. थांबणारच. पेट्रोल आणि फोर्टातलं पार्किंग मिळून ते 600 कुठे गेले हा प्रश्न विचारायचा नसतो. तो खर्च आहे, दर नव्हे.

फोर्टातल्या खिडकीवर पाटी असते: झिरो कमिशन. ही पाटी पाहिली की मराठी माणसाचे डोळे पाणावतात. एवढं भाडं भरून, एवढे एसी लावून, टाय बांधलेली चार पोरं बसवून हा भला माणूस निव्वळ जनसेवा करतो! खाली दराच्या फलकावर दोन रकाने असतात, एक 22.80 आणि दुसरा 24.20. आपले गृहस्थ हर्षभराने पहिल्यावर बोट ठेवतात. पोरगा शांतपणे सांगतो, "सर, तो आम्ही विकत घेतो तो भाव. तुम्हाला दुसरा." दोन रकान्यांमधली ही 1 रुपया 40 पैशांची दरी म्हणजेच ते झिरो. फोनवरच्या भावाशी ताडून पाहिलं तरी 2,000 दिरहमांवर 360 रुपये त्या झिरोच्या पोटात गेलेच. आणि गंमत म्हणजे पावतीवर जीएसटीही असतो. कमिशन शून्य, तर कर कशावर? तर नियम असा की लाखापर्यंतच्या व्यवहारात एक टक्का रक्कम ही सेवेची किंमत मानायची आणि तिच्यावर 18 टक्के लावायचे. 48,400 वर एक टक्का 484, त्यावर 87 रुपये 12 पैसे. दुकानदार म्हणतो मी काहीच घेतलं नाही, सरकार म्हणतं त्याने घेतलं असं समजून आम्ही घेतो. दोघांचंही समाधान. गृहस्थ मात्र त्या 12 पैशांवरून पोरग्याशी वीस मिनिटं हुज्जत घालतात.

आणि इथे माझं डोकं सटकतं. 12 पैशांसाठी वीस मिनिटं भांडणारा हा वाघ शीळफाट्यावर स्टेअरिंगवर हात ठेवून गाईसारखा गप्प का बसतो? कल्याणहून येणारा रस्ता, मुंब्रा-पनवेल रस्ता, महापेकडे जाणारा रस्ता, बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर, मधोमध मेट्रोच्या खांबांसाठी ठोकलेले पत्रे, आणि या सगळ्यात रोज जाणारे आपले तास. या तासांचा भाव कोणी विचारला? वांद्रे-कुर्ला संकुलापासून बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातले 7 किलोमीटर खाडीखालून, शीळफाट्याला आणून बाहेर काढायचा, हे आपल्याला जमतं. शीळफाट्यावरून शीळफाट्याच्या पुढे जाणं तेवढं जमत नाही. टॉवरच्या जाहिरातीत विमानतळ "मिनिटांच्या अंतरावर" असतो. किती मिनिटांच्या, ते छापत नाहीत. तिथेही झिरो कमिशनच. पण बिल्डरला कोणी फोन काढून दाखवत नाही. नगरसेवकाला दाखवत नाही. सगळा बाणेदारपणा टाय बांधलेल्या त्या अठरा हजार पगाराच्या पोरावर!

असो. गृहस्थ दुबईत पोचतात. मॉलमध्ये 1,500 दिरहमांचं बिल होतं आणि कार्डाचं मशीन विचारतं, रुपयांत देणार की दिरहममध्ये? परमुलखात आपला रुपया दिसला की ऊर भरून येतो. शिवाय आकडा कळतो. ते रुपये दाबतात. भाव लागतो 25 रुपये 40 पैसे. दिरहम दाबलं असतं तर आपल्या बँकेने साडेतीन टक्के घेऊनही 24.86 ला पडला असता. एका बोटाने 810 रुपये गेले. फोर्टातल्या त्या अर्ध्या दिवसाचं, पेट्रोलचं, पार्किंगचं आणि मेव्हण्याच्या खबरीचं, सगळ्याचं श्राद्ध त्या बोटाने घातलं. पण याचा हिशोब लिफ्टमध्ये निघत नाही, कारण मशीनशी घासाघीस करता येत नाही.

परतताना उरतात नाणी. नोटा दुकानदार त्या पहिल्या रकान्याने तरी घेतो, नाण्यांना हातही लावत नाही. कायदा मात्र उदार आहे: उरलेलं परकीय चलन 2,000 डॉलरच्या वर असेल तर 180 दिवसांत परत करा, नाणी मात्र हवी तेवढी बाळगा. तेव्हा टीव्हीखालच्या वाडग्यात 17 दिरहम पडून आहेत. दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला, एका डॉलरला 3.6725, हलायचं नाव नाही. हलतो तो आपला रुपया. गृहस्थ रोज सकाळी चहाबरोबर भाव पाहतात. परवा लिफ्टमध्ये फोन पुढे करून म्हणाले, "रुपया आणखी घसरला. वाडगा नऊ रुपयांनी वर आहे."